आधी नावं विचारा, मग पैसे शोधा

बँकांत विसरून पडलेल्या ठेवी शोधायच्या, रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर मी आत्याचं नाव आणि पॅन टाकला, सगळ्या बँका निवडल्या आणि शोधलं. काहीच आलं नाही. मग पॅन बाजूला ठेवला, तिचं माहेरचं नाव टाकलं, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख दिली आणि पुन्हा शोधलं. समोर दोन ओळी आल्या. प्रत्येक ओळीत नाव, बँकेचं नाव आणि यूडीआरएन नावाचा एक लांबलचक क्रमांक. एवढ्यावरून आमचा कित्येक महिन्यांचा उद्योग सुरू झाला. आपल्याकडच्या घराघरात माझ्या आत्यासारख्या बायका आहेत, म्हणून तो सविस्तर लिहिते आहे.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, जन्म १९४३ चा. माहेरी ती कुसुम गोविंद लिमये. पुण्यातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि लग्न १९७९ मध्ये, म्हणजे त्या काळाच्या मानानं बऱ्याच उशिरा झालं. सासरी नाव ठेवलं सुनंदा. पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव बदललं. आज तिच्या आधारवर, पॅनवर, पेन्शनच्या पासबुकावर जी बाई आहे तिचा कुसुम गोविंद लिमये हिच्याशी कागदोपत्री काही संबंध नाही. कॉम्प्युटरला तर अजिबातच नाही. आणि लग्नाआधीच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पगारातली शिल्लक होती ती कुसुमच्या नावावर.

उद्गमवर नावाबरोबर पाचपैकी एक गोष्ट द्यावी लागते: पॅन, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख. सत्तरच्या दशकातल्या खात्याला पॅन कुठला असणार? म्हणजे भरवसा जन्मतारखेवर. आत्याचा खरा जन्म श्रावणातला, पण शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली ती १ जून. तिच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनलाच जन्मलेले आहेत. बँकेत तीच तारीख दिलेली होती आणि तीच चालली. तुमच्या घरात शोधताना पत्रिकेतली आणि दाखल्यावरची, अशा दोन्ही तारखा लावून बघा. स्पेलिंगही बदलून बघा. लिमयेचं एकच होतं हे आमचं नशीब. दत्तात्रय, लक्ष्मी, वैद्य ही नावं इंग्रजीत जितके कारकून तितक्या तऱ्हांनी लिहिली गेलेली आहेत.

हे पैसे तिनं इतकी वर्षं मागितले का नाहीत, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, “अगं, ती बँकच बुडाली ना. पाटी गेली, मग मी आशा सोडली.”

बँक बुडालेली नव्हती. दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती. हा फरक पुण्यात तरी नीट सांगायला हवा, कारण आपण दोन्ही पाहिलेलं आहे. रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेव विम्याच्या ५ लाखांच्या मर्यादेवर लोकांच्या आयुष्याचे हिशेब ठरले. ते बुडणं. विलीनीकरणात मात्र तुमचं खातं, तुमची ठेव, व्याज सगळं नव्या बँकेच्या डोक्यावर जातं. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. पुण्याची सुवर्ण सहकारी बँक २००९ मध्ये इंडियन ओव्हरसीज बँकेत. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल पंजाब नॅशनलमध्ये. जुन्या पासबुकावरचं नाव आज रस्त्यावर दिसत नसेल, तर त्या बँकेचं पुढं काय झालं ते आधी शोधा. आत्याची बँक कोणती ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे शाखेतला जो अनुभव आहे तो एका माणसाचा आहे आणि त्या माणसाच्या जागी कुठल्याही बँकेतला कुणीही असू शकतो.

आता हे पैसे नेमके असतात कुठे? बचत खातं दहा वर्षं वापरलंच नाही, किंवा मुदत ठेव संपल्यावर दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर बँक ती रक्कम स्वतःकडे ठेवू शकत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी’त भरावी लागते. बँकेतले लोक त्याला ‘डीफ’ म्हणतात. ही योजना २०१४ ची. ती लागू झाली तेव्हा त्याआधीच्या सगळ्या पडून राहिलेल्या रकमाही त्यात गेल्या, तशा कुसुम लिमयेच्याही गेल्या. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. एका वर्षात ही रक्कम सुमारे २६ टक्क्यांनी वाढली होती. मी हा आकडा वाचला तेव्हा मला त्यात नारायण पेठेतल्या, सदाशिव पेठेतल्या, रास्ता पेठेतल्या कितीतरी कुसुम दिसल्या. पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे आहेत हे.

पैसे निधीत गेले म्हणजे सरकारजमा झाले असं नाही. ठेवीदाराचा हक्क संपत नाही. बँकेच्या ठेवींना तर मागण्याची अंतिम मुदतही नाही. तुम्ही जायचं ते बँकेकडेच, रिझर्व्ह बँकेकडे नाही. बँक तुमची ओळख पटवते, तुम्हाला पैसे देते आणि मग तेवढी रक्कम निधीतून स्वतः परत मागून घेते. हा क्रम लक्षात ठेवा, कारण शाखेत तो उलटा सांगितला जातो.

आम्हालाही तसाच सांगितला. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्यानं स्क्रीनकडे बघत सांगितलं, “आजी, हे पैसे आरबीआयला गेलेत. आता आमच्या हातात काही नाही. तिकडून मंजुरी आली तर बघू.” आत्या लगेच पिशवी उचलून उठायला लागली. तिच्या पिढीला साहेबानं नाही म्हटलं की नाहीच वाटतं. मी चाळीस वर्षं सदाशिव पेठेतल्या एका हिशेबतपासनीसांच्या ऑफिसात काम केलं आहे, त्यामुळे मी कागद घेऊन गेले होते: यूडीआरएनचा प्रिंट, योजनेतल्या परताव्याच्या कलमाचा प्रिंट आणि दोन प्रतींत लेखी अर्ज. तोंडी बोलणं बंद केलं. अर्ज पुढे केला आणि म्हटलं, “आमच्या प्रतीवर पोच द्या. तारीख आणि शिक्का. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या.” पोच मिळाली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे घरबसल्या तक्रार करता येते, २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच लोकपाल योजना आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. अर्ज वरिष्ठ बाईंकडे गेला आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून कागदांची यादी सांगितली.

खरी अडचण होती कुसुम आणि सुनंदा एकच आहेत हे दाखवायची. १९७९ मध्ये लग्नाची नोंदणी करायला कोण गेलं होतं? लग्नाचा दाखला नाही. लग्नपत्रिका होती, तिच्यावर ‘चि. सौ. कां. कुसुम’ एवढंच, सासरचं नाव लग्नानंतर ठेवलेलं, ते पत्रिकेत कसं असणार? हुकमी कागद निघाला तो शाळेत. शिक्षकांचं सेवापुस्तक असतं. त्यात मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी नोंद होती, विवाहामुळे नावात बदल, जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक. शाळेच्या कार्यालयातल्या लिपिक ताईंनी ते पुस्तक शोधून काढलं, त्या पानाची साक्षांकित प्रत दिली, पैसे घेतले नाहीत आणि आत्याला चहा पाजला. ज्या बायकांनी सरकारी, निमसरकारी किंवा अनुदानित संस्थेत नोकरी केली त्यांच्या नावबदलाचा माग सेवापुस्तकात असतो, हे लिहून ठेवा. ज्यांनी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी असेल तर ती, राजपत्रात नावबदल छापला असेल तर ती प्रत, आणि यातलं काहीच नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. राजपत्रातला नावबदल आजही करता येतो, अर्ज ऑनलाइन होतो. आम्ही सेवापुस्तकाची प्रत आणि प्रतिज्ञापत्र असं दोन्ही दिलं. स्टँपसाठी जुने दर धरून जाऊ नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या स्टँपची कामं पाचशेवर गेली आहेत. कुठल्या कागदाला स्टँप लागतो आणि कुठल्याला नाही, ते बँकेलाच आधी विचारून घ्या.

मग सही. बँकेकडे जुनं नमुना सहीचं कार्ड स्कॅन केलेलं होतं. वरिष्ठ बाईंनी ते आत्याला दाखवलं नाही, नुसता कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “आजी, लग्नाआधी जशी सही करायचात तशी करा.” आत्यानं चष्मा सारखा केला. पेन कागदाच्या वर धरून ती थोडा वेळ थांबली. मग सरळ देवनागरीत लिहिलं: कु. गो. लिमये. ‘ये’ची मात्रा लांब ओढून शेवटी खाली एक रेघ. हात कापत होता, रेघ वाकडी आली, पण वळण तेच. बाईंनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची तीच मात्रा, तीच रेघ. आत्या म्हणाली, “ही सही मला बाबांनी शिकवली होती.” त्या बाईंनी मान हलवली आणि अर्जावर शेरा मारला.

बँकेतल्या कुणाहीबद्दल मला राग नाही. पण एक गोष्ट मनापासून वाटते. नाव बदललेल्या बाईचे पैसे शोधायला तिचं जुनं नाव लागतं, हे बँकेच्या अर्जातच असायला हवं. ‘पूर्वाश्रमीचं नाव’ असा एक रकाना छापला तर कितीतरी जणींची पायपीट वाचेल.

रक्कम किती मिळाली ते सांगते, कारण सगळे तेच विचारतात. लॉटरी नव्हे. एक मुदत ठेव आणि एक बचत खातं मिळून आत्याचा वर्षभराचा औषधपाण्याचा खर्च निघेल एवढी. निधीत असलेल्या काळाचं व्याज कमी असतं: ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, मग साडेतीन, आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के. महागाईपुढे हे काहीच नाही. म्हणजे पैसा सुरक्षित असतो, पण झिजत असतो. आणखी एक, निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही आणि अशा खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावू शकत नाही. १ एप्रिल २०२४ पासून हे स्पष्ट नियम आहेत. कुणी शुल्क मागितलं तर नियम दाखवा.

हे सगळं तुलनेनं सोपं झालं याचं कारण एकच, आत्या समोर बसलेली होती. ती बोलू शकत होती, सही करू शकत होती, नावं सांगू शकत होती. नानांच्या शेअर्सच्या बाबतीत तसं नव्हतं.

नाना म्हणजे आत्याचे यजमान. चिंचवडच्या एका कारखान्यात होते, २०११ मध्ये गेले. ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या नोकरदारांना शेअरचा नाद लागला होता. पुणे स्टॉक एक्स्चेंज १९८२ मध्ये सुरू झालं, सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर शिवलीला चेंबर्समध्ये होतं. पब्लिक इश्यूचे फॉर्म मिळायचे, पंचवीस-पन्नास शेअर लागले तर घरात पेढे यायचे. नानांनी असे थोडे थोडे घेतले. पत्ता दिला नारायण पेठेतल्या वाड्याचा. पुढे वाडा पडला, ती दोघं सहकारनगरला आली, आणि लाभांशाचे वॉरंट (म्हणजे चेकसारखे कागद) वाड्याच्या पत्त्यावर जाऊन परत फिरत राहिले.

कंपन्यांचा नियम वेगळा. लाभांश सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो केंद्र सरकारच्या ‘गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी’कडे जातो, आणि सलग सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअरसुद्धा जातात. याला आयईपीएफ म्हणतात, त्याचं प्राधिकरण २०१६ पासून आहे. शेअर तिकडे असताना त्यांच्यावरचा मतदानाचा हक्क गोठलेला असतो, पण बोनस मिळाला किंवा शेअरचं विभाजन झालं तर ते त्याच शेअरच्या खात्यात जमा होतं. म्हणून इथे रक्कम बँकेपेक्षा अनेकदा मोठी निघते. त्यांच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदाराच्या नावाबरोबर वडिलांचं किंवा पतीचं नाव घालून शोधता येतं. कंपन्यांनाही आपापल्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागतात. नानांचं नाव दोन कंपन्यांत सापडलं.

एका कंपनीत शेअर नाना आणि आत्या अशा दोघांच्या नावावर होते. ते काम सरळ झालं. संयुक्त धारकांपैकी एक गेला तर मृत्यू दाखल्यावर त्याचं नाव कमी होतं आणि मालक हयात व्यक्ती. दुसऱ्या कंपनीत मात्र एकट्या नानांचं नाव, नॉमिनी कुणी नाही, मृत्युपत्र नाही. तिथून खरी वाट लांबली.

नॉमिनीबद्दल दोन शब्द. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात येतात, पण हक्क वारसांचा असतो. बँक ठेवींबाबत हे जुनंच आहे, आणि शेअर-म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ ला हेच सांगितलं. तो खटला ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या वारसांमधला होता, म्हणून मराठी घरांत त्याची चर्चाही झाली. मग नॉमिनी नेमून उपयोग काय? उपयोग मोठा आहे: पैसे अडकत नाहीत. बँका, कंपन्या नॉमिनीला रक्कम देऊन मोकळ्या होतात आणि घरातली वाटणी घरात होते. नॉमिनी नसेल तर आधी वारस कोण ते सिद्ध करा.

नानांचे वारस तिघं: आत्या, मुलगा, मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तिघांचा सारखा वाटा. मुलगा आणि मुलगी दोघांनीही आईच्या नावानं व्हावं म्हणून ना-हरकत लिहून दिली, भांडण कसलंच नाही. तरीही रक्कम ठराविक मर्यादेच्या वर गेली की कंपनी कोर्टाचा कागद मागते: १९२५ च्या कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखलाही मिळतो. आमची रक्कम मर्यादेवर गेली. शिवाजीनगर कोर्टात अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकत आली नाही याची वाट बघणं, पुरावा. वकिलांची फी आणि कोर्ट फी धरली तर बराच पैसा गेला. नानांनी हयातीत एका ओळीचं नामनिर्देशन केलं असतं तर यातलं बरंचसं वाचलं असतं. त्यांना कुणी सांगितलंच नाही. बँकांपुरतं आता थोडं सुसह्य झालं आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये मृत ठेवीदारांच्या दाव्यांचे नवे नियम काढले. नॉमिनी नसला आणि भांडण नसलं तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, कोर्टात न पाठवता सोप्या पद्धतीनं दावा निकाली काढायचा, आणि कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत.

आयईपीएफचा अर्ज कसा असतो तेही सांगून टाकते. फॉर्म आयईपीएफ-५ ऑनलाइन भरायचा. त्याआधी कंपनीकडून तुमचा हक्क मान्य असल्याचं पत्र घ्यायचं. डिमॅट खातं, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं खातं, दावेदाराच्या नावानं हवंच, कारण शेअर परत येतात ते डिमॅटमध्ये. आत्याचं खातं या वयात नव्यानं उघडलं. मग हमीपत्र, आगाऊ पावती, मूळ शेअर सर्टिफिकेटं, डिमॅटचा क्लायंट मास्टर (खात्याचा तपशील असलेला कागद), वारसाचे कागद, असा गठ्ठा कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेल्या माणसाकडे, पाठवायचा. कंपनी तपासून प्राधिकरणाला अहवाल देते. नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. एकाच कंपनीतले सगळे शेअर आणि सगळा लाभांश एकाच अर्जात घ्या. नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो आधी मिटवा, नाहीतर अर्ज तिथूनच परत येतो.

मध्येच एक गृहस्थ घरी येऊन गेले. आयईपीएफच्या यादीतूनच त्यांना नाव मिळालं होतं. “आजी, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी आम्ही बघतो, मिळेल त्यातले पंचवीस टक्के.” आत्यानं विचारलं, “आणि कोर्टात कोण जाणार?” त्यावर त्यांचं उत्तर होतं, ते तुम्हालाच जावं लागेल. मग पंचवीस टक्के कशाचे? उद्गमवर शोधायला पैसे लागत नाहीत, आयईपीएफच्या अर्जालाही शुल्क नाही. वकील, नोटरी, स्टँप यांचा खर्च होतो तो तुम्ही सरळ करा. ओटीपी मागणारा, ‘तुमचे अमुक लाख सापडले आहेत’ म्हणून लिंक पाठवणारा कुणीही असो, उत्तर देऊ नका. उद्गम तुम्हाला रक्कम दाखवतच नाही. यूडीआरएन असा बनवला आहे की परक्याला त्यावरून खातेदार किंवा शाखा ओळखता येऊ नये. मग त्या लिंकवाल्याला लाखांचा आकडा कुठून कळला?

उद्गमवर सगळं सापडत नाही हेही सांगायला हवं. मार्च २०२४ पर्यंत त्यात ३० बँका आल्या होत्या. पैशाच्या हिशेबात त्या निधीतल्या सुमारे ९० टक्के रकमेच्या, पण आपल्या पुण्यातल्या लहान सहकारी बँकांची नावं त्यात बघायला जाल तर निराश व्हाल. त्यांच्यासाठी त्या त्या बँकेच्या संकेतस्थळावरची यादी बघा, ती लावणं बंधनकारक आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिचे पैसे या निधीत जातच नाहीत. तिथे संस्थेत जाऊन, आणि संस्था अवसायनात, म्हणजे गुंडाळली जात, असेल तर सहकार खात्याकडे, विचारावं लागतं. म्युच्युअल फंडांसाठी २०२५ पासून सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, ‘मित्र’ ही सोय आहे, जुने विसरलेले फोलिओ (फंडातली खाती) त्यात शोधता येतात. २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ या नावानं जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं भरवली, त्यामुळे शाखांमध्ये आता निदान हे शब्द तरी माहीत झालेत.

विम्याचं घड्याळ मात्र टिकटिकतं. दहा वर्षं कुणी न मागितलेली विम्याची रक्कम ‘ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी’त जाते. पोस्टाच्या बचत योजना, पीपीएफ, प्रॉव्हिडंट फंड यांतल्या बेवारस रकमाही तिकडेच. तिथे गेल्यापासून २५ वर्षांत कुणी मागितली नाही, तर ती खरोखर केंद्र सरकारची होते. बँकेच्या ठेवींसारखी ती कायम वाट बघत नाही. हा निधी २०१५ च्या कायद्यानं झाला, म्हणजे अजून वेळ आहे, पण पॉलिसी घेणारी माणसं ऐंशीच्या पुढे आहेत आणि पॉलिसी कुठं घेतली हे त्यांनाच माहीत आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. तुमच्या आईला, आत्याला, मावशीला, काकूला या आठवड्यात विचारा. पैसे कुठे आहेत असं विचारू नका, त्या दचकतात, आणि मुलं मालमत्तेवर डोळा ठेवून आहेत असं वाटतं. विचारा, लग्नाआधी तुझं नाव काय होतं, पूर्ण. शाळेत जन्मतारीख काय लावली होती. पहिला पगार कुठल्या बँकेत जमा व्हायचा. ती बँक कुठल्या चौकात होती. पहिला पत्ता काय. आत्याला हे विचारलं तेव्हा ती दोन तास बोलत होती, मी वहीत लिहीत होते. त्या वहीतलं निम्मं मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं.

पहिल्या कंपनीचे शेअर आत्याच्या डिमॅट खात्यात आले आहेत. दुसऱ्या कंपनीचा अर्ज कोर्टाच्या कागदासकट नोडल अधिकाऱ्याकडे पोचला आहे आणि तपासणीत आहे. आत्यानं बँकेत, डिमॅटला, पेन्शन खात्याला नामनिर्देशन भरलं आणि वकिलांकडे मृत्युपत्राचा मसुदा दिला. आता आजोबांच्या पोस्टातल्या खात्याचा नंबर तिच्या एका जुन्या वहीत सापडला आहे. पुढच्या सोमवारी सिटी पोस्टात जाऊन चौकशी करणार आहोत. खात्याचं पुढं काय होतं ते कळलं की लिहीन.